कोणाचाही पाय न पडलेली डोंगरी

फाल्गुन लागला की माझ्या उजव्या तळहाताची कातडी बोटांच्या मुळांशी सोलवटू लागते. रायपूरची थंडी तशी नावापुरती असते. ती गेली हे कळायला पंचांग लागत नाही. सकाळी दहालाच कचेरीच्या आवारातले ऊन माझ्या टेबलाच्या पायाशी येऊन बसते, कडुलिंबाची पिवळी पाने कोऱ्या कागदांवर गळू लागतात, आणि कागद उचलला की त्याची कोर सोललेल्या जागी झोंबते. घरची मंडळी म्हणतात, तेल लावा. मी लावत नाही. तीन फाल्गुनांपूर्वी हीच कातडी दगडावर घासून निघाली होती. आता ती नुसत्या हवेने निघते. पण हाताला यातला फरक कळत नाही, आणि मीही तो त्याला समजावून सांगत नाही.

वाचकांना माझी ओळख असण्याचे कारण नाही, म्हणून दोन ओळी. मी अर्जनवीस आहे. शिक्षण दहावीच्या उंबरठ्यापर्यंत झाले. उंबरठा ओलांडता आला नाही. तरीही गेली एकतीस वर्षे या आवारात लोक आपले म्हणणे माझ्या टेबलावर आणतात आणि मी ते शासनाला ऐकू जाईल अशा हिंदीत लिहून देतो. नव्याने सनद घेतलेले कित्येक वकील आपला मसुदा आधी मला दाखवून नेतात. हे मी प्रौढीने सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो. आमचे घराणे भोसल्यांच्या अमदानीत नागपुराहून इकडे येऊन रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात स्थिरावले अशी घरात समजूत आहे. तिचा कागद मात्र एकही नाही, आणि कागदावाचून मी कोणतीही गोष्ट ठामपणे म्हणत नाही. मराठी घरात बोलतो, विशूशी बोलतो, आणि आज बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. हिंदीत हे लिहिले असते तर आपोआप अर्जच झाला असता.

विशू माझा तात्यापाऱ्यातलाच बालमित्र. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे, वजनदार आहे, आणि बोलण्यात कोणाला हार जाणारा नाही. माझा दुसरा मित्र पंचराम. तो कचेरीच्या फाटकापाशी सायकल-स्कूटरींचा स्टँड सांभाळतो. पन्नाशीचा, काटक, पायात कधी वहाण नाही. त्याला नाव लिहिता येते. वाचता फारसे येत नाही. दुपारच्या सुट्टीत विशू मला भेटायला येऊन स्टँडवर स्कूटर लावायचा, पंचराम त्याच्या पोटावरून काहीतरी बोलायचा, मी टेबलावरून उठून तिथे जायचो, आणि फाटकाच्या सावलीत आमची अर्धा तास बैठक व्हायची. वर्षानुवर्षे मैत्री एवढीच होती. मग त्या माघाच्या अखेरीस एके दिवशी पंचराम मला म्हणाला, “मुंशी भैया, एक घाव हमर गाँव आव. पखना देखाहूँ.”

एकदा आमच्या गावी या, पखना दाखवतो. पखना म्हणजे दगड. दगड बघायला शहाणी माणसे सुट्टी घालवत नाहीत. आम्ही गेलो.

धमतरीच्या रस्त्याने बस, मग फाट्यावर उतरून मोहाच्या झाडांखालून तीन मैलांची पायवाट, मग चाळीसएक घरांचा गाव आणि गावाच्या पाठीशी ती डोंगरी. तिला डोंगरी म्हणणे म्हणजे तिचा मान वाढवणे. माती अशी तिच्यावर नव्हतीच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसते धोंडे होते. तळ्यात बसलेल्या म्हशींसारखे गुळगुळीत, राखाडी, एकमेकांना रेलून पडलेले. काही गाडीएवढे, काही घराएवढे. त्यांच्या फटींतून कुठे कुठे एखादे पांढऱ्या सालीचे झाड निघालेले, पाने झडलेली, फांद्या उघड्या. सगळे इतके स्तब्ध की आत्ताच कोणीतरी ते ओतून निघून गेले आहे असे वाटावे.

“इस पर चढ़ना है?” विशूने विचारले.

“चढ़ना नइ हे भैया, रेंगना हे. ए पखना ले ओ पखना.” पंचराम म्हणाला. रेंगना म्हणजे त्यांच्याकडे चालणे.

विशू माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, “हा आपल्याले मारून राहिला बे. माझा गुडघा जिन्यावर बोलते, इथं तर तो भाषणच देईन.”

“मग तू खाली बस.”

“अन् तू वर जाऊन पडला तर तुह्या घरी सांगायले कोण जाईन? चाल.”

मी चामडी चपला घालून गेलो होतो. पहिल्या तीन धोंड्यांवर त्या चपलांनी माझी जी शोभा केली ती इथे विस्ताराने सांगत नाही. चौथ्यावर मी त्या काढून पिशवीत टाकल्या. आणि तळपाय दगडाला लागताच, मी लहानपणानंतर प्रथमच, काहीतरी धरले. पायाने धरता येते हे मी विसरून गेलो होतो. सकाळच्या उन्हात धोंड्याची पाठ कोमट होती आणि बगल गार. त्याच्या खरबरीतपणात बारीक चमकणारे कण होते. कुठे करडे-हिरवे शेवाळ वाळून पापुद्र्यासारखे चिकटले होते आणि त्यावर पाय ठेवू नये हे मला एकदाच घसरून कळले. पंचरामने नियम एकच सांगितला. “चार ठन हाथ-गोड़. तीन ठन ला धरे रहव, एक ठन ला चलावव.” दोन हात, दोन पाय, तिघांनी धरून ठेवायचे, एकाने पुढे जायचे. मी आयुष्यभर वाक्ये रचत आलो, पण माणसाला जिवंत ठेवणारे इतके नेमके वाक्य माझ्या हातून एकही झालेले नाही.

काही धोंडे पक्के होते, काही नव्हते. डळमळत्या धोंड्यावर पाय पडला की तो आतून ‘टोक्’ असा आवाज करी आणि सगळ्या अंगातून एक गार कळ जाई. पंचराम पुढून ओरडे, “वो हालत हे, झन चढ़व,” तो हलतोय, चढू नका, आणि ते आम्हांला तोवर कळलेले असे. फटींमध्ये डोकावले की खाली वाळलेल्या पानांचा गाळ, साळिंदराचा एखादा पांढरा-काळा काटा, आणि त्याही खाली अंधार. विशू एका फटीत बेंबीपर्यंत उतरला आणि तिथेच राहिला. पुढे जाईना, मागे येईना.

“पेट ला भीतरी डारव भैया,” पंचराम वरून म्हणाला.

“तीस साल में बना है ये पेट. दो मिनट में अंदर जाएगा क्या?”

मी म्हणालो, “श्वास सोड.”

“सोडला तर घिऊ कुठून? इथं जागाच नाही.”

आम्ही तिघेही हसू लागलो, आणि हसताना त्याचे पोट हलले म्हणून तो सुटला. नंतर महिनाभर पार्सल ऑफिसात त्याने ही गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी फट अरुंद होत गेली.

माझ्यावर पाळी आली ती एका कलत्या पाषाणावर. वीस हात लांब, गुळगुळीत, धरायला काही नाही. मध्यावर आलो आणि अंग थिजले. पुढे जावे अशी आज्ञा मी पायाला देत होतो. पाय ती स्वीकारत नव्हता. दोन्ही तळहात मी दगडावर इतके दाबून धरले होते की तेव्हाच ती कातडी निघाली असावी. विशू काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असते. पंचराम वरून सरकत खाली आला, माझ्या खालच्या बाजूला बसला, माझे पाऊल आपल्या हातात घेतले आणि लेकराला जोडा घालावा तसे एका खळग्यात नेऊन ठेवले. “इहाँ.” मग दुसरे. “अब इहाँ.” कचेरीत ज्याने माझ्याकडे नेहमी मान वर करून पाहिले, त्याच्या हातात माझे पाऊल होते. मला संकोच वाटायला हवा होता. वाटला नाही.

त्या फाल्गुनात आम्ही लागोपाठ चार रविवार गेलो. त्या चार दिवसांचा क्रम आता माझ्या मनात राहिलेला नाही. कुठल्या रविवारी सावर फुलली होती आणि कुठल्या रविवारी तिची मांसल लाल फुले धोंड्यांवर पडून काळी पडू लागली होती, हे मी सांगू शकत नाही. मोहाचा वास मात्र चारही दिवस होता. तो गोड आणि जरासा आंबूस वास पायवाटेवर सुरू होई, दगडांत शिरल्यावर कमी होई आणि माथ्यावर वाऱ्याबरोबर पुन्हा येई. बोटांना दगडाचा वास लागे. बंदूक झाडल्यावर येत असावा तसा काहीतरी कोरडा, जुना. परतीच्या बसमध्ये मी हाताचा वास घेत बसलो आहे हे विशूने पाहिले आणि काहीही टोमणा मारला नाही. तोही घेत होता.

आणि पाणी. मला खरे तर पाण्याविषयी लिहायचे आहे. इतका वेळ मी धोंड्यांवरून फिरतो आहे तो त्याच्याशी यायला भितो म्हणून.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी, डोंगरीच्या मध्यावर, पंचराम एका सपाट दगडावर पालथा झोपला आणि कान दगडाला लावला. आम्हांलाही त्याने तसेच करायला लावले. पन्नाशीकडे झुकलेले तीन पुरुष उन्हात दगडाला कान लावून पडलेले. कोणी पाहिले असते तर काय म्हटले असते कोण जाणे. आधी काहीच ऐकू येत नव्हते. मग माझ्या स्वतःच्या कानातले रक्त. मग त्याच्या पलीकडे, फार खाली, थांबत थांबत जाणारा एक बारीक आवाज.

“पानी आय,” पंचराम म्हणाला. “खाल्हे मा रेंगत हे.”

पाणी खाली चालते आहे. पावसाळ्यात ही डोंगरी पाणी पिऊन घेते, धोंड्यांच्या पोटात साठवते आणि पायथ्याशी एका हातभर खोल खड्ड्यात वर्षभर थोडे थोडे सोडत राहते. त्या खड्ड्याला ते झिरिया म्हणतात. उतरल्यावर आम्ही तिथे गेलो. पंचरामची बायको दुलारी तुंब्याने पाणी काढून घड्यात ओतत होती. चार तुंबे काढले की झिरिया आटे. मग ती गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसून राही. तळाशी पुन्हा चार तुंबे जमत. मग पुन्हा ओती. घाई तिच्या हालचालीत कुठेच नव्हती, कारण पाण्याला घाई नव्हती. वैशाख-ज्येष्ठात गावाचे तळे फुटक्या खापरासारखे होते आणि हँडपंपातून लाल गढूळ पाणी येते, ते जनावरेसुद्धा हुंगून सोडतात. तेव्हा सगळा गाव या खड्ड्याभोवती पाळी लावून बसतो, असे तिने सांगितले. त्या चाळीस घरांचे उन्हाळ्याचे पिणे एवढेच होते.

“पियव, मुंशी भैया,” ती म्हणाली आणि तुंबा माझ्या ओंजळीवर धरला. सोललेल्या कातडीला ते पाणी झोंबले. ते इतके गार होते की दात दुखले.

विशू पिऊन म्हणाला, “भौजी, ये पानी रायपुर में मिले तो मैं नौकरी छोड़ दूँ.”

“तो हमर बर का बचही?” ती म्हणाली. मग आमच्यासाठी काय उरेल? सगळे हसले. तीही हसली.

चौथ्या रविवारी आम्ही माथ्यावरच्या शेवटच्या धोंड्यावर पोचलो. खाली कापलेली शेते, तळ्याची चमक, झाडांची रांग, आणि लांब धुरकट पट्ट्यात कुठेतरी रायपूर. मी कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. विशू खालच्या दगडावर बसून धापा टाकत होता. तो म्हणाला, “वकील साहेब, उतरा आता. पुढची तारीख पडली.” त्या क्षणी मला जे वाटले ते लिहून ठेवावे एवढे मोठे नव्हते. एवढेच वाटले की मी इथे आलो आहे, आणि हे कोणाला सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही.

ती गरज त्याच वर्षी पडली.

पावसाळ्यानंतर काही लोक जीप घेऊन आले आणि त्यांनी धोंड्यांवर लाल रंगाने आकडे घातले. डोंगरी गिट्टीसाठी, म्हणजे रस्त्याच्या खडीसाठी, खाणीला द्यायचे ठरत होते. कोणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत लेखी द्यावी, अशी सूचना गावात चिकटवली गेली. पंचराम ती सूचना घडी करून घेऊन आला. त्याच्याबरोबर गावातले सात-आठ जण होते. ते माझ्या टेबलाभोवती उकिडवे बसले. मी त्यांना म्हणालो, चिंता करू नका, असा अर्ज लिहितो की साहेब दोनदा वाचेल.

इथे मला माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. शासकीय जमिनीविषयी अर्ज लिहिताना आमच्यात एक पक्का नियम आहे: पक्षकार त्या जमिनीचा उपयोग करतो असे कधीही लिहू नये. फार पूर्वी एका म्हातारीच्या अर्जात मी लिहून बसलो होतो की घरामागच्या सरकारी पट्टीत ती भाजी लावते, तेव्हा ती पट्टी तिच्याकडून काढून घेऊ नये. पंधरा दिवसांत तिलाच अतिक्रमणाची नोटीस आली. तेव्हापासून मी हा नियम पाळत आलो, शिकवत आलो. सरकारच्या जमिनीवर आपल्या माणसाचा पाय पडलेला कागदावर दिसू नये.

डोंगरी सरकारी होती. झिरिया सरकारी जमिनीत होती. चाळीस घरे सरकारी खड्ड्यातून पाणी भरतात, असे लिहिले तर उद्या त्यांच्यावरच प्रकरण उभे राहील, असे मला वाटले. म्हणून मी झिरियाचा उल्लेख टाळला. त्याऐवजी मी निसर्गाची बाजू घेतली. ‘उक्त पहाड़ी अनादिकाल से निर्जन है, किसी भी ग्रामवासी का वहाँ आना-जाना नहीं है, वह मनुष्य के पदचिह्नों से सर्वथा अछूती है, उसे उसी पवित्र अवस्था में रहने दिया जाए.’ निर्जन, कोणाचेही जाणे-येणे नसलेली, मनुष्याच्या पावलांपासून सर्वस्वी अस्पर्शित. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवले. त्यांना त्यातले निम्मे शब्द कळले नसतील. पण माझा आवाज चांगला लागला होता आणि त्यांनी माना डोलावल्या. पंचरामने पहिली सही केली. मला आठवते, मी त्या दिवशी स्वतःवर प्रसन्न होतो.

हिवाळ्यात आदेश आला. प्रत माझ्या पत्त्यावर आली, कारण पत्रव्यवहारासाठी मीच माझा पत्ता दिला होता. साहेबाने अर्ज खरोखर दोनदा वाचला असावा. त्याने लिहिले होते की आवेदकांच्याच कथनाप्रमाणे त्या जागेचा कोणीही ग्रामवासी कोणताही उपयोग करत नाही, तिथे कोणी जात नाही, तेव्हा खाणीमुळे कोणाचेही नुकसान होण्याचा प्रश्न उद्भवत नाही, हरकत निरस्त, म्हणजे फेटाळली. खाली नेहमीचे वाक्य होते: ३० दिवसांच्या आत अपील करता येईल.

मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. पंचराम रोज सकाळी विचारायचा, “कुछ आइस का, मुंशी भैया?” आणि मी म्हणायचो, कचेरीची कामे, वेळ लागतो. विशूला मात्र मी कागद दाखवला. त्याने चष्मा लावून तो वाचला, बूढ़ापाऱ्याच्या तळ्याकाठी, बाकावर बसून. वाचून घडी करून मला परत दिला.

“आपण तं चार वेळा जाऊन आलो होतो ना बे तिथं,” तो म्हणाला.

“हो.”

“पाणी पिलो होतो.”

“तो नियम आहे, विशू. तसं लिहीत नाहीत.”

“मंग आता सांग त्याले. महिना आहे अजून. दुसऱ्या कोणाकडून लिहून घिईन तो.”

“सांगतो.”

“काहून थांबून राहिला? आजच सांग.”

मी सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पंचराम फाटकापाशी एका बाईची स्कूटी लावून देत होता, गर्दी होती. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे गर्दी होती. मग संक्रांत आली. दुसऱ्या अर्जनवीसाकडे तो कागद गेला असता तर त्याने माझे ते वाक्य वाचले असते. आवारभर झाले असते. मियाद कशी जाते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. मी आयुष्यात शेकडो माणसांना बजावले असेल, तारीख चुकवू नका. ती शेवटची तारीख मी कॅलेंडरवर बघितली, आणि दुसऱ्या दिवशी मला हलके वाटले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या दिवशी मला हलकेच वाटले होते.

विशूने नंतर विचारले नाही. त्याने एवढेच केले की स्कूटर बूढ़ापाऱ्यात लावू लागला आणि तिथून चालत येऊ लागला, त्या गुडघ्याने, फाटक टाळून मागच्या बाजूने. पंचराम मला म्हणाला, “विशू भैया नाराज हे का?” मी म्हणालो, डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे.

पुढच्या फाल्गुनात सुरुंग सुरू झाले. मी गेलो नाही. पंचरामकडूनच ऐकले: दुपारी शिट्टी वाजते, लोक घरात जातात, मग जमीन ओटीपोटातून हलल्यासारखी हलते, भांडी वाजतात, आणि मोहाची झाडे धुळीने पांढरी होतात. गेल्या ज्येष्ठात झिरियात चार तुंब्यांऐवजी एक येऊ लागला. मग दुलारी सकाळपासून दुपारपर्यंत बसून एक घडा भरू लागली. मग ती नुसतीच बसू लागली. पाऊस झाला, धबाधबा पडला. पण आता त्याला अडवून धरणारे पोट उरले नव्हते. पाणी आले तसे उतारावरून शेतात गेले, शेतातून नाल्यात.

शंकर नगरात परवा रस्त्याच्या कडेला गिट्टीचा ढीग पडला होता. राखाडी, बारीक चमकणाऱ्या कणांची. ती त्याच डोंगरीची आहे असे मी म्हणू शकत नाही. तसा पुरावा नाही. मी एक खडा उचलला. ताज्या फुटलेल्या दगडाच्या कडा धारदार असतात. पाय ठेवण्याजोगे त्यात काही नसते. लोक माझ्याकडे बघत होते म्हणून मी तो परत ठेवला.

काही ऋतू माणसाला काहीतरी देऊन जातात असे लिहिण्याची पद्धत आहे. मी पुष्कळ विचार केला. या ऋतूने मला काही दिले असे मला आढळत नाही. त्याने दाखवले, आणि मी ते दाखवलेले कागदावरून पुसून टाकले. त्या माथ्यावर मी उभा होतो, याचा आता माझ्याकडे पुरावा नाही. आणि मी तिथे नव्हतो, कोणीच कधी नव्हते, याचा पुरावा माझ्याच हस्ताक्षरात सरकारजमा आहे.

गेल्या सोमवारी पंचराम टेबलासमोर येऊन बसला. बायका आता तीन मैलांवर फाट्याच्या विहिरीला जातात. दुलारीचा पाय मुरगळला आहे. गावाला उन्हाळ्यात टँकर मिळावा म्हणून अर्ज द्यायचा होता.

“तुही मन लिखव, मुंशी भैया,” तो म्हणाला. “पहिली वाला घलो बने लिखे रहेव. ओमन नइ सुनिन त का करबो.” तुम्हीच लिहा, मागचाही तुम्ही चांगलाच लिहिला होता, त्यांनीच ऐकले नाही, त्याला काय करणार.

मी कागद ओढला. ‘श्रीमान’ लिहिले. पेन तिथेच थांबले. मग मी खण उघडला, तो आदेश आणि माझ्या अर्जाची प्रत काढली, आणि त्याला ते वाक्य वाचून दाखवले. या वेळी त्याच्या भाषेत सांगितले, एकेका शब्दाचा अर्थ करून. साहेबाने त्यावरून काय लिहिले ते सांगितले. का लिहिले होते तेही सांगू लागलो, म्हातारीची गोष्ट सांगू लागलो. ती मध्येच सोडून दिली.

पंचरामने दोन्ही कागद आपल्याकडे ओढले. मग त्याने आदेशाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे आकडा होता. आकडे त्याला वाचता येतात.

“ए का हरे?”

“महिन्याची मुदत. वर अपील करायची.”

“अपील होत रहिस?” म्हणजे करता आले असते?

“हव,” मी म्हणालो.

तो रागावेल म्हणून मी थांबलो. फाटकापाशी कोणीतरी स्कूटर काढायला म्हणून त्याला हाका मारत होते. तो वळला नाही. शेवटी म्हणाला, “त अब टँकर वाला लिख देव.”

मी लिहिले. या वेळी सगळे लिहिले: झिरिया कुठे होती, किती घरे तिचे पाणी पीत, कोण किती वेळ बसून घडा भरत असे. नियम मोडून लिहिले. आता त्याने कोणाचे काही बिघडणार नव्हते आणि, माझा एवढ्या वर्षांचा अनुभव सांगतो, काही होणारही नव्हते. टँकरच्या यादीत त्या गावाच्या पुढे बरीच गावे आहेत. कागद मी त्याच्यापुढे सरकवला, पेनचे टोपण काढून दिले.

पंचराम आजवर माझ्या कितीतरी कागदांवर सही करत आला आहे. स्वतःच्या, भावाच्या, गावाच्या. मी जिथे बोट ठेवायचो तिथे तो नाव लिहायचा. त्याने पेन घेतले नाही. कागद उचलला, उठला, आणि दोन टेबले सोडून टायपिंगवाली दीदी बसते तिथे गेला.

“दीदी, ए ला पढ़ के सुना देव तो.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि वाचायला सुरुवात केली. तो उभ्याने ऐकत होता, मान जराशी कलती करून. माझी वाक्ये तिच्या सपाट आवाजात एकेक करून आवारात पडत होती. एका ठिकाणी त्याने तिला थांबवले आणि ती ओळ परत वाचायला सांगितली. तिने वाचली. शेवटपर्यंत ऐकून झाल्यावर त्याने तिचेच पेन मागून घेतले आणि तिच्याच टेबलावर वाकून सही केली.